वाइन, डोंगल आणि मामाचं डीटीपी सेंटर

गेल्या दिवाळीत कराडला मामाकडे गेलो होतो. फराळाचं ताट हातात येण्याआधीच मामाने विचारलं, "अरे, ते विंडोज दहा बंद झालं म्हणतात, खरं का?"

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट थांबवला, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. घरात कुणी इंजिनिअर झाला की तो सगळ्या नातेवाइकांचा प्रिंटर दुरुस्त करणारा होतो, हे तुमच्यापैकी अनेकांना सांगायला नको. मी नोकरीत सर्व्हरचा कोड लिहितो, प्रिंटरशी माझा काही संबंध नाही. तरी चकली तोंडात टाकून दुकानात गेलो.

मामाचं डीटीपी सेंटर आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, शाळांचे निकाल, सहकारी सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. दुकानात दोन कॉम्प्युटर. एकावर विंडोज १०, आणि त्याचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नाही. दुसरा त्याहून म्हातारा, विंडोज एक्सपीचा, इंटरनेटला कधीच न जोडलेला. खरं काम यावर चालतं. त्यात एक मराठी डीटीपी सॉफ्टवेअर आहे. त्याची पहिली आवृत्ती मामाने नव्वदच्या दशकात फ्लॉपींवर घेतली, आणि पुढे २००१च्या सुमारास चांगले पैसे मोजून नवी घेतली. नव्या आवृत्तीसोबत डोंगल आला. डोंगल म्हणजे प्रिंटरच्या पोर्टमध्ये खोचायचं, काडेपेटीएवढं एक कुलूप. ते खोचलेलं नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही.

या एक्सपीची हार्ड डिस्क आता कुरकुरायला लागली होती. त्या डिस्कवर पंचवीसेक वर्षांच्या फाइली. सोसायटीचा सेक्रेटरी दरवर्षी येतो आणि म्हणतो, "मागच्या वर्षीचंच काढा, आकडे तेवढे बदला." मामाचा धंदा या एका वाक्यावर चालतो.

"मामा, लिनक्स टाकू या," मी म्हणालो.

"टाक की. पण माझं मराठी चालेल ना त्यावर?"

हा प्रश्न मामाच्या दुकानापुरता नाही. लिनक्स घरोघरी का पोचलं नाही, याच्या कारणांत तो कायम वरच्या जागी राहिला आहे, आणि त्याचं उत्तर शोधण्यात काही माणसांची तीस-तीस वर्षं गेली आहेत.

मुळात विंडोजचा प्रोग्राम लिनक्सवर का चालत नाही? प्रोसेसर तोच असतो, त्याला सूचना कळतात. पण प्रोग्राम एकटा काहीच करत नाही. फाइल उघडायची, खिडकी काढायची, अक्षर छापायचं, तर तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे अर्ज करतो. तहसील कचेरीसारखं. अमुक नंबरची खिडकी, तमुक नमुन्याचा फॉर्म. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम लिनक्सच्या कचेरीत गेला तर त्याला ती खिडकीच सापडत नाही. कचेरीत सगळी कामं होतात, फक्त त्याच्या हातातला फॉर्म तिथे कुणी घेत नाही.

१९९३मध्ये बॉब अॅम्स्टाट आणि एरिक यंगडेल यांनी यावर एक उपाय सुरू केला. सन कंपनीने विंडोजचे प्रोग्राम युनिक्सवर चालवणारं वाबी नावाचं उत्पादन काढलं होतं, त्यावरून ही कल्पना आली. लिनक्सच्या कचेरीत विंडोजच्याच नंबरांच्या खिडक्या उघडायच्या, फॉर्मही तेच घ्यायचे, आत मात्र काम लिनक्सच्या माणसांकडून करून घ्यायचं. प्रकल्पाचं नाव वाइन. पुढच्या वर्षी अलेक्झांडर ज्युलिआर्ड यांनी सूत्रं हातात घेतली आणि ती आजही त्यांच्याकडेच आहेत. वाइनची १.० आवृत्ती आली जून २००८मध्ये. म्हणजे सुरुवातीपासून पंधरा वर्षांनी. आमच्या ऑफिसात एखादं काम दोन आठवडे लांबलं तर तीन मीटिंगा होतात.

एवढा वेळ का लागला, याचं कारण मला फार आवडतं. विंडोजचं पुस्तकात लिहिलेलं वागणं उतरवून भागत नाही, न लिहिलेलं वागणंही उतरवावं लागतं. चुकासुद्धा. कारण प्रोग्राम त्या चुकांच्या भरवशावर लिहिलेले असतात. विंडोज ९५च्या वेळचा सिमसिटीचा किस्सा प्रसिद्ध आहे. हा गेम मेमरी परत करायचा आणि परत केलेलीच मेमरी पुन्हा वाचायचा. चूक सरळसरळ गेमची. जुन्या विंडोजवर ती खपून जायची, कारण परत केलेली मेमरी लगेच दुसऱ्या कुणाला दिली जात नसे. विंडोज ९५वर गेम कोसळायला लागला. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी काय केलं? समोरचा प्रोग्राम सिमसिटी आहे का हे तपासणारा कोड विंडोजमध्ये घातला, आणि असेल तर मेमरी जुन्याच पद्धतीने सांभाळली. कोड लिहिणारा म्हणून मला हे वाचताना शिसारी येते. मामासारख्या गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं तर याहून मोठा पाहुणचार नाही. त्या काळच्या मायक्रोसॉफ्टच्या धंदेवाईक वागण्याबद्दल कितीही वाईट बोला, जुने प्रोग्राम सांभाळण्यात त्यांची बरोबरी करणारं फारसं कुणी नव्हतं.

वाइनवाल्यांना हे सगळं बाहेरून, चाचपडत शोधायचं होतं. विंडोजचा कोड बघायचाच नाही, हा त्यांचा नियम. फेब्रुवारी २००४मध्ये विंडोज २०००च्या कोडचा काही भाग इंटरनेटवर फुटला, तेव्हाही तो ज्याने पाहिला त्याचं काम वाइनमध्ये घ्यायचं नाही, असंच धोरण राहिलं. कायद्याच्या दृष्टीने खिडकीचा नंबर आणि फॉर्मचा नमुना तरी कुणाच्या मालकीचा असतो का, हा प्रश्न खूप वर्षं अधांतरी होता. जावाचे एपीआय अँड्रॉइडमध्ये वापरल्याबद्दल ओरॅकलने गुगलवर केलेला दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२१मध्ये सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल गुगलच्या बाजूने लागला. सुमारे साडेअकरा हजार ओळींची ती नक्कल न्यायालयाने वाजवी वापर म्हणून मान्य केली. एपीआयवर कॉपीराइट असतो की नसतो, हे मात्र न्यायालयाने ठरवायचं टाळलं. तुमच्या हातातला फोन अँड्रॉइडचा असेल, तर या भांडणातला मुद्देमाल तुमच्या खिशात आहे.

दुसरा मार्गही लोकांनी करून पाहिला. विंडोजचे प्रोग्राम कशाला ओढून आणायचे, लिनक्ससाठीच नवे बनवू. १९९८मध्ये कॅलिफोर्नियात लोकी सॉफ्टवेअर नावाची कंपनी निघाली. तिने नामांकित गेम लिनक्सवर आणले. जानेवारी २००२मध्ये ती बंद पडली. गिऱ्हाईक पुरेसं नव्हतं. तिथला सॅम लँटिंगा याने लिहिलेली एसडीएल ही लायब्ररी मात्र जगली आणि आज असंख्य गेम तिच्यावर चालतात.

इथे गोष्ट विचित्र वळण घेते. लोकीने खास लिनक्ससाठी बनवलेले ते गेम आजच्या लिनक्सवर चालवून पाहा. जुन्या लायब्रऱ्या शोधा, आवाज येत नाही म्हणून आणखी काही शोधा, अर्धा रविवार गेला. त्याच काळातला विंडोजचा गेम वाइनमध्ये टाका, बऱ्याचदा मुकाट्याने सुरू होतो. लिनक्सवर सगळ्यात टिकाऊ इंटरफेस कुठला, तर विंडोजचा, असा विनोद आमच्यात चालतो. विनोद आहे, पण मला तो हसू येण्याइतका खोटा कधी वाटला नाही.

असं का? लिनक्स म्हणून आपण जे म्हणतो ते एक घर नाही, चाळ आहे. तळमजल्यावर कर्नल, म्हणजे लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये लिहायला घेतलेला गाभा. वरच्या मजल्यांवर हजारो लायब्रऱ्या, प्रत्येकीचा मालक वेगळा, शब्द वेगळा. तळमजल्याचा नियम कडक आहे. वर चालणारा प्रोग्राम आमच्या बदलामुळे मोडला, तर चूक आमची. २३ डिसेंबर २०१२ला एका जुन्याजाणत्या सहकाऱ्याने कर्नलमधल्या अशा बदलानंतर दोष वरच्या प्रोग्रामवर ढकलला, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी जाहीर ईमेलमध्ये त्याची जी हजेरी घेतली ती आजही इंजिनिअर एकमेकांना वाचायला पाठवतात. भाषा असभ्य होती. अशा भाषेबद्दल २०१८मध्ये त्यांनी माफीही मागितली. नियम मात्र तसाच आहे.

त्या नियमाचं एक उदाहरण मामाच्या कामाचं आहे. २०१४मध्ये ६४ बिटच्या कर्नलमध्ये १६ बिटच्या प्रोग्रामांमुळे कर्नलची थोडी गुप्त माहिती बाहेर झिरपते असं आढळलं. सोपा उपाय केला गेला: १६ बिटचे तुकडे चालवणंच बंद. २०१४मध्ये १६ बिटचं कोण काय चालवतंय? पण लोक निघाले. वाइनमध्ये विंडोज ३.१च्या काळातले प्रोग्राम चालवणारे. मग टोरवाल्ड्स यांनी ती बंदी चालू-बंद करता येईल अशी केली, आणि पुढे पीटर अॅन्विन यांनी गळतीही थांबेल आणि जुने प्रोग्रामही चालतील अशी दुरुस्ती लिहिली. मूठभर लोकांच्या जुन्या प्रोग्रामांसाठी.

वरच्या मजल्यांवर असा पहारा नाही. २०१४च्याच डेबकॉन्फ परिषदेत टोरवाल्ड्स यांनी स्वतःचं गाऱ्हाणं मांडलं होतं. सबसर्फेस हा पाणबुड्यांसाठीचा प्रोग्राम त्यांनी सुरू केला होता. तो विंडोज आणि मॅकसाठी तयार करून देणं सोपं, आणि लिनक्ससाठी एकच तयार फाइल देणं जवळपास अशक्य, कारण प्रत्येक डिस्ट्रिब्यूशनच्या लायब्रऱ्या निराळ्या. लिनक्सच्या जनकाची ही तक्रार! फ्लॅटपॅक, स्नॅप, अॅपइमेज ही सगळी भावंडं या दुखण्यावरचीच औषधं आहेत. कुठलं औषध खरं यावरून लोक दहा वर्षं भांडताहेत, त्यात मी पडत नाही.

ऑगस्ट २०२२चं प्रकरण याचंच. जीलिबसी ही लिनक्सवरची जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणारी लायब्ररी. तिच्या २.३६ आवृत्तीत फाइलमधली एक जुनी यादी बाय डीफॉल्ट ठेवायची बंद झाली. नवी, जास्त वेगवान यादी २००६पासून होतीच, त्यामुळे जुनी कुणी वाचत नसेल असं वाटणं स्वाभाविक होतं. वाचणारा निघाला. इझी अँटी-चीट हा ऑनलाइन गेममधली लबाडी पकडणारा प्रोग्राम ती जुनीच यादी वाचत होता. गेम बंद पडले. दोष कुणाचा यावर भांडण झालं आणि दोन्ही बाजूंना मुद्दा होता. माझं मत विचाराल तर तळमजल्याचा नियम वरही लागू हवा. पण हेही लक्षात ठेवतो की वरच्या मजल्यांवरचे बरेच जण पगाराशिवाय काम करतात, आणि पगार नसलेल्या माणसाने अनोळखी लोकांचं ओझं किती वर्षं वाहायचं, हे खुर्चीत बसून मी सांगणं बरं दिसत नाही.

गेमचा विषय इतका का येतो, तर या गोष्टीत खरे पैसे गेमवाल्यांनी घातले. २०१२मध्ये वाल्व्ह कंपनीचे गेब न्यूवेल विंडोज ८ला अनर्थ म्हणाले होते. मायक्रोसॉफ्टने स्वतःचं दुकान उघडलं तर आपल्या स्टीम या दुकानाचं काय, ही भीती त्यामागे असावी असं मला वाटतं. फेब्रुवारी २०१३मध्ये स्टीम लिनक्सवर आलं. २०१५मध्ये लिनक्सवर चालणारी स्टीम मशीन्स बाजारात आली आणि साफ आपटली. लोकीचाच धडा दुसऱ्यांदा. मग त्यांनी वाइनचा हात धरला. २१ ऑगस्ट २०१८ला वाइनवर आधारलेलं प्रोटॉन जाहीर झालं, तेव्हा अधिकृत यादीत २७ गेम होते. त्यातला एक महत्त्वाचा भाग, विंडोजची ग्राफिक्सची भाषा लिनक्सला कळेल अशी करणारा डीएक्सव्हीके, फिलिप रेबोले याने स्वतःचा आवडता गेम खेळता यावा म्हणून लिहायला घेतला होता. फेब्रुवारी २०२२मध्ये स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र आलं. आत लिनक्स, वर विंडोजचे हजारो गेम. ते खेळणाऱ्या कित्येकांना आपण लिनक्स वापरतोय हे ठाऊकही नसेल.

आता गणित उलटं झालं. जून २०१९मध्ये उबंटूने ३२ बिटची पॅकेजेस काढून टाकायचं जाहीर केलं. वाइनला आणि जुन्या गेमना ती लागतात. वाल्व्हच्या माणसाने सांगितलं की मग पुढच्या उबंटूला आमचा अधिकृत पाठिंबा नाही. आठवड्याभरात उबंटूने माघार घेतली. जून २०२५मध्ये फेडोरात तसाच प्रस्ताव आला आणि काही दिवसांत मागे गेला. लिनक्समधला आधुनिकतेचा एक निर्णय विंडोजच्या जुन्या प्रोग्रामांसाठी थांबतो, हे १९९३मध्ये कुणाला सांगितलं असतं तर तो हसला असता.

पण एक भिंत उरली आहे. काही अँटी-चीट प्रोग्राम विंडोजच्या कर्नलच्या आत जाऊन बसतात. वाइन कर्नलची नक्कल करत नाही, त्यामुळे तिथे त्याचा इलाज चालत नाही. सप्टेंबर २०२१मध्ये इझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांनी प्रोटॉनसाठी दार उघडलं, पण त्यातून आत घ्यायचं की नाही हे प्रत्येक गेमच्या मालकावर ठेवलं. एपेक्स लेजंड्स हा गेम लिनक्सवर व्यवस्थित चालत होता. ३१ ऑक्टोबर २०२४ला ईएने, लबाडी करणारे लिनक्सच्या आडून येतात असं कारण देऊन, लिनक्सवाल्यांना त्यातून बाहेर काढलं. आधीच्या सगळ्या अडचणी अशा होत्या की कुणाला तरी जमत नव्हतं. इथे जमतं, आणि मालकाची परवानगी नाही.

मामाच्या दुकानात मी याच दोन गोष्टी एका दुपारी लागोपाठ पाहिल्या.

विंडोज १०च्या मशीनवर लिनक्स टाकलं, वाइन टाकलं. मामाने माळ्यावरून फ्लॉपींचा डबा काढला, पण आधीच कधीतरी मी त्यांची सीडी करून दिली होती, ती सापडली. नव्वदच्या दशकातली ती पहिली आवृत्ती १६ बिटची. ६४ बिटच्या विंडोजवर ती कधीच चालली नसती, कारण मायक्रोसॉफ्टने ६४ बिटमध्ये १६ बिटचा पाहुणचार मुळातच ठेवला नाही. वाइनमध्ये ती उघडली. राखाडी खिडकी, जाड बटणं, कीबोर्डचा तोच लेआउट. मामाने खुर्ची ओढली आणि काही न बोलता 'श्री गणेशाय नमः' टाइप केलं. २००१च्या आधीच्या सगळ्या पत्रिका निघाल्या.

मग दुसरी आवृत्ती. इन्स्टॉल झाली. सुरू केली तर एकच ओळ: डोंगल सापडला नाही. त्या मशीनला जुना प्रिंटर पोर्टच नाही, आणि असता तरी डोंगलचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये बसणारा. नव्या आवृत्तीच्या फाइली जुनीत उघडत नाहीत. बनवणाऱ्यांचा फोन लागत नाही.

"पैसे भरून घेतलंय रे मी," मामा म्हणाला. "पावती आहे माझ्याकडे."

पावती खरंच होती. लॅमिनेट केलेली.

शेवटी लांबचा रस्ता धरला. हार्ड डिस्कची जशीच्या तशी प्रत करून घेतली. मग कुरकुरणाऱ्या एक्सपीवरच, डोंगल खोचलेला ठेवून, एकेक महत्त्वाची फाइल उघडायची आणि मजकूर साध्या टेक्स्टमध्ये बाहेर काढायचा. पाडव्यापासून तीन रात्री मामा, मामी आणि मी आळीपाळीने बसलो. बाहेर निघालेला मजकूर मराठी दिसत नव्हता. युनिकोडच्या आधीचे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपली अक्षरं बसवायचे, आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची तऱ्हा वेगळी. फाँट काढून घेतला की उरतो तो निव्वळ गिचमिड कचरा. मी त्या फाँटचं एकेक अक्षर पाहून तक्ता बनवला आणि रूपांतर करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली.

पहिला तपासायला घेतला तो सोसायटीचा जुना अहवाल. मामाने चष्मा लावला, बोट ठेवून वाचत गेला, आणि खर्चाच्या पानावर थांबला.

"अरे, वार्षिक सभेला आपण आचार्यांना पैसे कधी दिले?"

मी पाहिलं. मूळ ओळीत 'आचाऱ्यांना' होतं, सभेच्या जेवणाचा खर्च. फाँटमध्ये त्या अर्ध्या रला स्वतःची वेगळी जागा होती, रफाराला वेगळी. माझ्या तक्त्यात मी दोघांना एकच र् दिला होता. त्यामुळे पंचवीस वर्षांचे सगळे आचारी एका झटक्यात आचार्य झाले होते, आणि इतर फाइलींमध्ये डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या.

मामी स्वयंपाकघरातून हसत होती. मी तक्त्यात ती एक ओळ बदलली आणि स्क्रिप्ट पुन्हा पहिल्यापासून लावली. मामाने पुढचं पान घेतलं.